ओसरीवर नेलेला गॅस

चुलीच्या धुरानं आईचे डोळे बारमाही लाल असायचे. भाकरी थापता थापता ती पदरानं डोळे दाबायची आणि आमचा बाप बाहेरून ओरडायचा, "भाकर जळून राहिली ना वं." दुसरी चौकशी त्या माणसानं कधी केली नाही.

आमचं गाव हिंगण्याच्या पलीकडे. ऐंशीच्या सुमाराला तिथे गोबरगॅससाठी सरकारी अनुदान आलं. थोडे पैसे खड्डा खोदल्यावर, बाकीचे तपासणीच्या सरकारी साहेबानं घरात शेगडी पेटलेली पाहिल्यावर. अर्ज देताना बापानं आईच्या डोळ्यांचं असं काही रडगाणं गायलं, की मला तिथेच चीड आली.

टाकी बसली. शेण गोळा करायचं, विहिरीचं पाणी आणायचं, हातानं कालवून टाकीत ओतायचं, सगळं आईच्या गळ्यात. पण शेगडी पेटली तेव्हा ती कितीतरी वेळ त्या निळ्या जाळाकडे बघत बसली. पुढचे काही दिवस तिनं डोळे न पुसता स्वयंपाक केला.

मग बाप शहरात सदरच्या बाजारात गेला आणि गॅसवर जळणारा दिवा घेऊन आला. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. त्यानं शेगडीची नळी काढली आणि ओसरीवर नेऊन दिव्याला जोडली. दोन्हीला पुरेल एवढा गॅस नव्हताच. रोज संध्याकाळी गावातले रिकामटेकडे त्या उजेडात पत्ते कुटायचे, बापाची तारीफ करायचे, आणि हा फुगायचा. आत आई पुन्हा चुलीपुढे खोकत बसायची. दिव्यासाठी शेण मात्र तीच कालवायची. मला तो दिवा दगडानं फोडावासा वाटायचा.

आई भांडली नाही. तिनं टाकीत शेण घालणं बंद केलं आणि मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापायला घेतल्या. दिवा मंद होत होत विझला.

"काहून वं, शेण काहून नाही टाकलं?"

"मले चुलीले लागते," एवढंच ती म्हणाली.

त्याच आठवड्यात साहेब तपासणीला यायचा होता. सकाळी बापानं धावपळ करून नळी परत शेगडीला जोडली आणि आईला म्हणाला, "टाक आता शेण." आज टाकलेल्या शेणाचा आज गॅस होत नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. कधी हात घातला असेल तर ना!

साहेबानं काडी ओढली, चावी फिरवली. काहीच नाही. "गॅस कुठं आहे?" त्यानं विचारलं. बापानं आईकडे डोळे वटारले.

"मागच्या भिंतीवर थापला, साहेब," आई म्हणाली. "आमचे हे गॅस ओसरीवर नेतात. मग मी चूल कायच्यावर पेटवू?"

साहेबानं पैसे अडवले. न सांगता परत येईन, असं बजावून गेला. तेवढ्या धाकानं नळी स्वयंपाकघरात राहिली. आईनं पुन्हा शेण कालवायला घेतलं, शेगडी पेटली, आणि अखेर पैसे मिळाले. बायकोच्या डोळ्यांसाठी ज्याचं बोट हललं नव्हतं, तो पैशासाठी गुमान बसला होता. या गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

पैसे आले त्याच संध्याकाळी बाप नळी सोडवायला पाना घेऊन आत आला. आई शेणाची पाटी कमरेवर घेऊन मागच्या दारात उभी राहिली.

"न्या," ती म्हणाली. "भिंत रिकामीच आहे."

बाप नळीपर्यंत गेला. मग पाना तसाच हातात घेऊन बाहेर गेला.