घरच्या माणसाला पुऱ्या नाहीत

जहाजावरची नोकरी संपवून मी रत्नागिरीला कायमचा घरी आलो, तेव्हा सुरुवातीला नुसती चैन होती. पूर्वी सुट्टीवर यायचो तेव्हा बायको जशा पुऱ्या तळायची, तशाच आताही तळत होती. कधी बटाट्याच्या भाजीशी, कधी आमरसाशी, काहीच नसलं तर चहाबरोबर. मला वाटलं, उरलेलं आयुष्य असंच जाणार.

एका सकाळी ताटात भाकरी आली.

"आज पुऱ्या नाहीत?"

"पुऱ्या पाहुण्यांना," ती म्हणाली. "तुम्ही आता घरचे झालात. हव्या असतील तर करा की. कढई तिथे, गॅस तिथे."

मी जन्मभर इंजिनरूममध्ये राबलेला माणूस. तळहाताएवढ्या पुरीला काय घाबरायचं? रविवारी दापोलीहून मेव्हणी जेवायला यायची होती. मी जाहीर करून टाकलं, "रविवारच्या पुऱ्या माझ्याकडे." बायकोने "बरं" म्हटलं आणि रविवारी भिजवलेले वाल सोलायला खुशाल मागच्या पडवीत जाऊन बसली.

कणकेत पाणी ओतलं, ते जास्त झालं. म्हणून कणीक घातली, तर ती जास्त झाली. असं करत करत परात भरली आणि गोळा तरी सैलच. पुरी पोळपाटाला चिकटायला लागली म्हणून सढळ हाताने पीठ लावलं. ते पीठ तेलात जाऊन जळलं, तेल काळं पडलं, आणि पुऱ्या? भाजलेल्या पापडासारख्या सपाट.

"काय जळतंय हो?" पडवीतून आवाज आला.

"काही नाही."

"मग धूर कसला?"

"जरा आत येऊन बघ ना!"

"मी आत आले की तुम्ही बाहेर जाल. मला ठाऊक आहे. इथूनच सांगते." आणि तिने खरंच तिथूनच सांगितलं. ती कणीक झाकून ठेवा, संध्याकाळी पोळ्यांना होईल. तेल बदला. नवीन कणीक घट्ट मळा, त्यात थोडा रवा टाका. लाटताना पीठ नको, तेलाचं बोट लावा. आणि तेल चांगलं तापू द्या, घाई नको.

मी मळत होतो तेवढ्यात मेव्हणी आली. स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"अगो बाई! भावोजी, तुम्ही? द्या इकडे ते लाटणं."

"हात लावू नकोस गं त्याला!" पडवीतून हुकूम सुटला. मेव्हणी हसत मागे गेली आणि बहिणीशेजारी वाल सोलायला बसली.

नवी पुरी तेलात सोडली. तळाशी गेली, वर आली, झाऱ्याने हलकेच दाबली, आणि टम्म! मी एवढ्या जोरात ओरडलो, "फुगली!" की दोघी बहिणी वालाची टोपली टाकून धावत आल्या. हात भाजला असं वाटलं त्यांना.

दोघींना पानावर बसवलं आणि कढईतून थेट ताटात वाढायला लागलो. बायकोने पुरीला बोट लावलं, वाफ आली, बोट पोळलं. तशीच फुंकर घालत तिने खाल्ली.

"किती वर्षांनी गरम पुरी खातेय," ती म्हणाली.

"का? घरात तर इतक्या होतात."

"अहो, तळणाऱ्याला गरम कुठली? तुमची जेवणं झाली की डब्यातल्या उरलेल्या."

"थांब," म्हटलं आणि पुन्हा कढईपाशी गेलो. ती नको नको म्हणेपर्यंत वाढत राहिलो.

जेवणं झाल्यावर मेव्हणीने हौसेने दापोलीला नवऱ्याला फोन लावला. "ऐकलंत का, भावोजींनी पुऱ्या केल्या! सगळ्या फुगल्या!"

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आमचे साडू म्हणाले, "त्यांना म्हणावं, असले पायंडे पाडू नका. आम्हांलाही घरात राहायचं आहे."

बायकोने फोन हातात घेतला. "पुढच्या रविवारी तुम्हीच या इकडे," ती म्हणाली. "हे तळतील, तुम्ही लाटा."

मला वाटलं, साडू काही येत नाहीत. पण आले, सकाळच्या एसटीने. त्यांच्या पुऱ्या कुठल्याच बाजूने गोल नव्हत्या, पण फुगल्या मात्र झकास.