न रडणाऱ्या मुलांची पडवी

मूल रडत नसलं की लोक सांभाळणारीचं कौतुक करतात. असं कौतुक मी दोन हंगाम पोटभर खाल्लं. आता सत्तरी उलटली, तरी त्याचा ढेकर कडूच येतो.

जुन्नरात तेव्हा हिरड्याच्या वखारी होत्या. घाटघरकडचे, आंबेगावच्या डोंगरातले लोक हिरडा वेचून, वाळवून खाली आणत. वखारीत बायका तो निवडत, बारीक बाळहिरडा वेगळा, मोठा वेगळा, आणि मग गाड्या भरून माल रेल्वेच्या स्टेशनाकडे जाई. प्लेगात माझे यजमान गेले आणि मी भावाच्या आश्रयाला परत आले. भावाचं घर एका वखारीला लागूनच होतं. दिवसभर कानावर दोनच आवाज येत, बायकांचा खोकला आणि तान्ह्यांचं रडणं. बायका लेकरं बरोबर आणत, गोणपाटाच्या झोळ्या बांधत, आणि ती लेकरं धुळीत दिवस काढत. फार रडलं त्याला आई मोहरीएवढी अफू चाटवी. चोरून नव्हे, सगळ्यांदेखत. सरकारी ठेक्याच्या दुकानात ती मिळायचीच, आणि त्या आईच्या आईनेही तेच केलेलं असायचं.

मला मूलबाळ नव्हतं. वडील शाळामास्तर होते, त्यांनी वाचायला शिकवलं होतं, आणि चार बुकं वाचलेल्या माणसाला जडतो तो रोग मलाही जडला होता. जग आपल्यावाचून सुधारायचं अडून राहिलंय, असं मला वाटे. मी उठले आणि वखारवाल्या शेटजींकडे गेले. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण मराठी ते माझ्या भावापेक्षा गोड बोलत. वखारीमागची रिकामी पडवी मी मागितली. मुलं तिथे सांभाळते, बायांचे हात मोकळे राहतील, तुमचंच काम वाढेल, असं सांगितलं.

"पडवी घ्या बाई," शेटजी म्हणाले. "पण पुढे माझे व्यापारी बसतात. रडारड त्यांच्या कानावर आली की पडवी परत. मग मला बोल लावायचा नाही."

मी हसून हो म्हटलं. पोटभर जेवलेलं, स्वच्छ मूल कशाला रडेल, अशी माझी समजूत होती.

पडवी मी रोज सारवून घेई. पाणी उकळून गार केलेलं, माठावर झाकण. तान्ह्यांना शेळीचं दूध, मोठ्यांना पेज आणि नाचणीची आंबील. खरजेचं मूल वेगळं बसे, त्याला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ. दर मुलाचं फडकं वेगळं, त्याच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा, कारण एकाचे डोळे आले की एकाच फडक्याने साऱ्यांचे येत. चार-पाच वर्षांच्या मुलांना मी गोष्टी सांगे, चिंचोके मोजायला शिकवी. आणि एक नियम सगळ्यांच्या वर होता, अफू नाही. पहिल्याच दिवशी एकेका आईला तिच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, "मी माझ्या लेकराला अफू देणार न्हाई." कुणी का-कू केली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

पडवीतली तान्ही मुलं मावशीकडे असत. मावशी म्हणजे आमच्या परसामागे राहणारी म्हातारी. घरची मेंढरं कधीच विकली गेली होती, नवरा गेला होता, झालेली मुलं जगली नव्हती. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा हिनेच मला शेळीच्या दुधावर वाढवलं. जगात मी कुणाला आई मानलं असेल तर तिला. तिच्याकडून शपथ घ्यायची राहिली, कारण हात ठेवायला तिच्या घरी लेकराचं डोकं नव्हतं आणि ते बोलून दाखवायची मला लाज वाटली. शिवाय आईकडून का कुणी शपथ घेतं?

पडवी नावारूपाला आली. पुढे व्यापारी भाव करत बसत आणि मागे वीस मुलं आहेत याचा त्यांना पत्ता लागत नसे. शेटजी पाहुण्यांना मुद्दाम मागे घेऊन येत. म्हणत, "बघा, एकाचाही आवाज नाही." मग मी पदर सावरत मुलांना कसं वळण लावायचं यावर व्याख्यान देई. ऊन, आंबील, वेळच्या वेळी झोप. मावशी कोपऱ्यात झोळ्या हलवत बसलेली असे. ती कधी मधे बोलली नाही.

दुसऱ्या हंगामात एका दुपारी मी झोळ्यांवरून नजर फिरवत होते. एक मुलगी होती, दहा महिन्यांची, कुरळ्या जावळाची. तिचे ओठ निळसर दिसले. हलवलं, जागी होईना. गालावर पाणी मारलं, पापणी हलली नाही. मी तिला तशीच उचलली आणि दवाखान्यात धावले. मागून तिची आई, तिच्यामागून वखारीतल्या निम्म्या बायका.

डॉक्टरांनी पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. "अफू किती दिलीत?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे अफू देत नाहीत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मागे वळून बायकांकडे पाहिलं, कुणीतरी री ओढावी म्हणून. त्या सगळ्या जमिनीकडे बघत होत्या.

 डॉक्टरांनी तिला कोरी कॉफी थेंब थेंब पाजली, तळव्यांना टिचक्या मारायला लावल्या. मी आणि तिची आई आळीपाळीने तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होतो. दिवेलागणीला ती रडली. चार महिने मुलगी माझ्याकडे होती आणि तिचं रडणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाहेर ओट्यावर मी बायकांना गाठलं. "लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललात?"

"आमी शपत मोडली न्हाई, बाई," मुलीची आई म्हणाली. "आमी कुठं दिली? मावशीनं दिली."

सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून. शेटजींच्या हमालालासुद्धा. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून व्याख्यानं झोडत होते. त्या रात्री घरी येऊन पोटभर रडले, पण मुलीसाठी नव्हे. खोटं कशाला बोलू, माझं हसं झालं म्हणून रडले.

सकाळी मावशीकडे गेले. ती नाकबूल गेली नाही. कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्यापुढे ठेवली.

"दात येत व्हतं तिला. किरकिरत व्हती. येकदा दिली तरी राहिना, म्हनून पुन्यांदा दिली. चुकलं माजं."

"रोज देत होतीस?"

"मग? ईस पोरं आन येक बी रडत न्हाई. तुज्या गोष्टी ऐकून निजत्यात वाटलं तुला? रडं ऐकलं असतं तर शेटनं पडवी काढून घेतली असती. तुजी पडवी म्या राखली, पोरी."

"मला सांगायचं तरी होतंस."

"तुला सोसलं असतं?" ती म्हणाली. मग सुपातले खडे निवडत, अगदी सहज, "तुला बी देत व्हते. आईयेगळं पोर, लई रडायचीस."

 मी तिला पडवीत पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं आणि निघून आले. पुढे ती सहा वर्षं जगली. तिच्या परसात मी पुन्हा गेले नाही.

अफू सुटली तशी मुलं रडू लागली. अफू सुटताना असंच होतं हे मला माहीत नव्हतं. जुलाब, उलट्या, रात्रंदिवस आकांत. मी एकटी, दोन हात. चौथ्या दिवशी शेटजींचा मुनीम आला. पडवीत पोती ठेवायची आहेत म्हणाला. मी भांडले नाही, अट मी हसून मान्य केली होती. भावाच्या ओसरीवर मुलं घेऊन बसले. पण रोज दोन-चार कमी होत गेली. ती कुठे जातात ते विचारावं लागलं नाही, मावशीच्या परसाची वाट आमच्या ओसरीवरूनच जाई.

कुरळ्या जावळाची मुलगी तेवढी येईल अशी मला खात्री होती. तिच्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आठ दिवसांनी ती दिसली, मुलगी कडेवर. मी उठून उभी राहिले. मुलीने मला ओळखलं, हसली आणि माझ्याकडे झेप घेतली.

"नगं गं," आई तिला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "ह्या बाईकडं लई रडाया लागतं."

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती मावशीकडे गेली.