माझ्या दारात बसलेल्या बायका

हळद शिजताना सुटणारा तो उग्र, मातकट वास आला की आजही माझे खांदे आत ओढले जातात. त्या दुपारी रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात शेताशेतांतून वाफ उठत होती आणि माझ्या दारात नऊ बायका बसल्या होत्या.

आमच्या गटकर्जाची रीतच तशी. एकीचा हप्ता चुकला, की तिच्या दारात साऱ्यांनी बसायचं. पैसे येईपर्यंत कुणी उठायचं नाही. आईच्या ऑपरेशनमुळे माझे तीन हप्ते थकले होते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीचा साहेब खुर्चीवर. गटप्रमुख काकी, ऊसमळ्याच्या मालकीण, सावलीत. बाकीच्या उन्हात. घरी त्यांची लेकरं रडत असतील, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

माझ्या लेकीने पाण्याचा तांब्या पुढे केला. काकींनी मान फिरवली. साहेबाला म्हणाल्या, "ह्यास्नी फुकटचं घ्यायची सवय हाय, सायेब. पहिल्यापास्नं."

पहिल्यापासून. म्हणजे आजोबांनी धम्म स्वीकारला, त्याच्याही आधीपासून. आत खाटेवर आई होती. तिने ऐकलं. भिंतीपलीकडे तिची खाट करकरली.

मी शिलाई मशीन विकलं. साहेब म्हणाला, एवढे भरा, उरलेले सोडले, विषय मिटला. मी सही केली.

सांजेला बायका उठल्या. बांगड्या वाजल्या. पण त्या गेल्या नाहीत. पुढे दोन वर्षं अंगण झाडताना माझा झाडू नऊ जागा चुकवून वळत राहिला.

मग लेकीला सांगलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. साताऱ्याच्या बँकेत कर्ज मागायला गेले. तिथल्या कर्जनोंदीत माझ्या नावापुढे 'पूर्ण परतफेड' नव्हती, 'तडजोड' होती. साहेबाने सोडली म्हटलेली रक्कम कुणीच सोडलेली नव्हती, ती थकीतच दिसत होती. स्कोअर पडलेला. कर्ज नाही. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे सांगितलं: उरलेले भरा, कंपनीकडून बाकी नसल्याचा दाखला घ्या, मग नोंद दुरुस्त करून घ्या. मी निघताना म्हणाल्या, बायका दारात बसवणं कुठल्याच नियमात नाही.

कुठल्याच नियमात नाही. एवढी वर्षं जी लाज मी माझी म्हणून जपली, ती माझी नव्हतीच.

दुसऱ्यांच्या मशीनवर ब्लाऊज शिवून मी बाकी फेडली. तोवर लेकीचा प्रवेश हुकला. दाखला गटाच्या बैठकीत मिळेल, असा निरोप आला. गेले, तर बैठक एका नव्या सुनेच्या दारात. तिचा हप्ता थकलेला. चौकट धरून ती उभी होती. नखं पांढरी पडलेली.

साहेबाने दाखला दिला. काकी म्हणाल्या, "आलीच हायस तर टेक हितंच. तुला ठावं हाय की समदं."

मी टेकले नाही. साहेबाला म्हणाले, "अशी वसुली नियमात बसते, एवढं लिहून द्या. खाली सही करा."

त्याने पेनाला टोपण लावलं.

मी बायकांकडे वळले. "उठा. पोरं रडत असतील."

दोघी उठल्या. बाकीच्या खाली बघत राहिल्या. राहू देत. ज्या ज्या दारात त्या बसवल्या जातील, त्या त्या दारात मी उभी असेन आणि कागद मागेन. नोंद सुधारो, न सुधारो.

काकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एकच शब्द टाकला.

"माजलीस."