कुलूपबंद कपाटात तयार झालेली बूट इमेज

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप घेऊन उठून जाणाऱ्यांतला मी. पाथर्डीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, लिनक्सवर हात बसलाय, आणि मशीन बंद पडलं की चूक माणसाचीच असते हे माझं ठाम मत... अजूनही आहे. या वेळी चूक माझीच होती. त्यानंतर जे झालं ते मात्र मला कळलेलं नाही.

आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुलं गावाजवळच्या वसतिगृहात राहतात. तिथल्या बाईंनी एक रीत पाडलीय — जायच्या आधी आई-बापांनी कॉम्प्युटरसमोर बसून मुलांसाठी चार शब्द बोलून ठेवायचे, मुलांनी ते दर रविवारी सकाळी ऐकायचे. सातवीतल्या कोमलची आई मागच्या हंगामात फडावरच वारली. तिचा आवाज आता फक्त त्या एका मशीनमध्ये होता.

घरातलं बोलणं परक्याच्या हाती लागू नये म्हणून मशीन बसवणाऱ्या सरांनी डिस्कला कुलूप घातलं होतं. चावी ठेवली बूट इमेजमध्ये. म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी उघडते आणि मग डिस्कचं दार उघडून देते ती छोटी फाईल. ती एका पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह बाईंच्या कपाटात. सरांना देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली, दुसरी चावी कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

शनिवारी दुपारी मी सिस्टीम अपडेट करायला घेतली. पेन ड्राइव्ह भरलेला, जागा नाही म्हणून काम अडलं. मग मी शहाण्याने जुन्या इमेज धडाधड उडवल्या — नवी आत्ता तयार होईल म्हणून! ती तयार होता होता लाईट गेली.

लाईट आल्यावर पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावून पाहतो तर नव्या फाईलचं नाव तेवढं होतं, आकार शून्य. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. लई लाज वाटली मला. बाईंना सरळ सांगितलं की माझ्या हातून चावी गेली. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "उद्या ये अन् कोमलला तूच सांग."

रविवारी आठला पोचलो. पोरगी वेणी घालून खुर्चीत बसलेली. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, लावून तर बघा."

तिच्या समाधानासाठी बाईंनी कपाट उघडून पेन ड्राइव्ह दिला, मी लावला... आणि मशीन सुरू झालं.

मग तपासलं. फाईल पूर्ण होती, तयार झाल्याची वेळ त्याच दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मशीनचं घड्याळ बरोबर होतं. त्या वेळी पेन ड्राइव्ह बंद कपाटात, किल्ली बाईंच्या कमरेला, आणि बाई भाकऱ्या थापत होत्या. सरांनी ठेवलेली जुनी प्रत म्हणावी, तर फाईल होती मी शनिवारीच उतरवलेल्या नव्या कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची. शिवाय अशी फाईल करायची तर डिस्कच्या आतली चावी लागते, आणि डिस्कच कुलूपबंद!

मी त्याच दिवशी सगळे आवाज तीन ठिकाणी उतरवून ठेवले. जाणकार मित्रांना विचारलं, कुणी म्हणालं तूच केलं असशील, विसरला असशील. असेल बाबा. मला पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

कोमलने आईचं बोलणं दोनदा ऐकलं. एरवी ती ऐकून गुपचूप उठून जायची. त्या दिवशी मात्र माईक पुढे ओढून म्हणाली, "दादा, आता माझं भरा. मला आईला सांगायचंय, मी पयली आले."