कच्च्या सागवानाची चौकट

"जित्ता हाय का नाई?"

फोटो हातात घेतला, की तो उंबऱ्याजवळच्या उजेडात तिरपा धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायचा, अशी त्या बाईंची रीत होती. नाव, गाव, माप हे सर्व नंतर. हिंगणघाटच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून मी उभे आयुष्य लोकांचे अर्ज लिहिले. परंतु समोर आलेल्या इसमास इतका थेट प्रश्न विचारण्याची माझीदेखील छाती झाली नाही. आमच्या धंद्यात प्रथम 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' लिहावे लागते. जगण्यामरण्याचा विषय तिसऱ्या परिच्छेदात येतो.

बाई माझ्या भिंतीला भिंत लावून राहत. घराची ओसरी हाच त्यांचा फोटोंच्या फ्रेमांचा कारखाना. तिथे लाकडाच्या पट्ट्या भिंतीशी उभ्या, काचा गोणपाटात गुंडाळलेल्या, आणि सर्वत्र भुसा व पॉलिशचा वास. भाषेवर प्रभुत्व असलेल्या माणसाच्या शेजारी भर दुपारी करवत चालावी, यावर कुठल्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी, हे मलाही कधी सुचले नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसास बाकी पुष्कळ सुचते.

फ्रेमच्या पट्टीबाबत बाईंचा कायदा पक्का होता. देवाला सोनेरी पट्टी, जिवंत माणसाला पॉलिश केलेले सागवान, आणि गेलेल्याला काळी. ज्याला सागवान झेपत नसे, त्याला आंब्याच्या लाकडाची पट्टी मिळे, परंतु रंगाच्या बाबतीत सूट नव्हती. आमच्या मोहल्ल्यात सरकारी कायद्याला कोणी भीत नसे, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगू शकतो. या कायद्याला मात्र सगळे भीत. एकदा एक स्थानिक पुढारी स्वतःचा फोटो घेऊन आले आणि सोनेरी पट्टी मागू लागले. बाईंनी फोटो पाहिला, पुढाऱ्यांना पाहिले, आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सोनेरी देवाची असते, भाऊ. तुमी कधीपासून?"

पुढारी बाजारातल्या दुकानात गेले. तिथे कोणीही देव होऊ शकत असे.

माझ्यावरही तो प्रसंग आला. माझा एक ऐन तारुण्यातला, स्टुडिओत काढलेला फोटो होता. तो घराच्या दर्शनी भिंतीवर असावा, जेणेकरून येणाऱ्या पक्षकारास आपण कोणाकडे आलो आहोत याची कल्पना यावी, असे मला वाटले. मी तो घेऊन ओसरीवर गेलो. चष्मा कपाळावर गेला.

"जित्ता हाय का नाई?"

"बाई, मी आपल्यासमोर उभा आहे," मी म्हणालो.

"तुमी हाय, मुन्शीभाऊ. हा पोरगा कोठी हाय पण?" त्यांनी फोटोवरून नजर उचलून माझ्या डोक्यावर नेली आणि तिथे आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ ठेवली. "याच्या डोक्यावर तं सारे केस हाय."

मी गंभीरपणे सांगितले, की कागदोपत्री तो इसम व मी एकच आहोत. बाईंनी उसासा टाकला. "जाऊ द्या. शेजारी हाय म्हून जित्त्यात धरतो तुमाले." आणि सागवान लावून दिले.

आता आपण विचाराल, की दुसऱ्यांच्या फोटोंची इतकी चौकशी करणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या घरी काय होते. मोहल्लाही तेच विचारत असे, बहुतेक वेळा पाठीमागे.

करवत, रंधा, काच कापायचे हत्यार हे सगळे मुळात त्यांच्या नवऱ्याचे. तो कमी बोलणारा माणूस होता. एक दिवस सकाळी, "हिंगणीकडचं लाकूड पाहून येतो," एवढे बोलून तो बसमध्ये बसला. लाकूड आले नाही आणि तोही आला नाही. फुकट काहीही न देणाऱ्या आमच्या मोहल्ल्याने तर्क मात्र फुकट पुरवले. कोणाला तो इटारसीच्या फलाटावर भगव्या कपड्यांत दिसला. कोणाला चांद्याकडे दुसरी बायको घेऊन दिसला. कोणी सांगितले, की बोरच्या जंगलात वाघाने नेला. एकाच इसमास एकाच आठवड्यात संन्यास, दुसरा संसार आणि वाघ हे तिन्ही प्राप्त झाले.

बाईंनी कपाळावरचे कुंकू तसेच ठेवले आणि करवत उचलली. नवऱ्याचा एक फोटो होता, जत्रेत काढलेला. तो ओसरीच्या फळीवर, काचेच्या एका तुकड्याखाली आडवा पडून असे. त्याला चौकट नव्हती. सबंध गावाला चौकटीत बसवणाऱ्या बाईंनी तेवढा एक फोटो उघडा का ठेवावा, हे समजण्याइतकी बुद्धी मोहल्ल्यास होती. परंतु न विचारण्याइतका मोठेपणा नव्हता. बायका म्हणत, "काऊन वं काकू, फ्रेम नाई लावत?"

"काऊन, घाई हाय का तुमाले?" बाई म्हणत, आणि करवत चालू करत.

अशातच वडनेरच्या माणसाचा प्रकार घडला. तो बल्लारशाकडे मजुरीस गेलेला. तिकडे अपघात झाला आणि त्यात तो गेला, अशी खबर घरी आली. घरच्यांनी रडून घेतले, पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेरवीचे जेवण घातले, आणि फोटो घेऊन बाईंकडे आले. बाईंनी विचारले. घरचे एकमुखाने म्हणाले, "नाई." बाईंनी काळी पट्टी लावून दिली.

काही दिवसांनी तो इसम फ्रेम काखेत मारून स्वतः ओसरीवर उभा राहिला. अपघातात गेलेला मजूर दुसराच होता. मी त्या वेळी तिथे हजर होतो. आपणास वाटेल, की परत आलेला मनुष्य देवाचे आभार मानत असेल. त्याने फ्रेमचा कोपरा नखाने खरवडला आणि म्हणाला, "बाई, हे आंब्याचं हाय. मी मेलतो तं मले सागवान नाई लावा लागत होतं का?"

"तुह्या घरच्यांनं आंबाच सांगतला," बाई म्हणाल्या.

"हाव, थे तसेच हाय," तो म्हणाला आणि खाली बसून चहा प्यायला.

बाईंनी काळी पट्टी काढून त्याला सागवान लावले.  तो उठून घरी गेल्यावर त्याची काळी चौकट त्यांनी चुलीत घातली आणि मला म्हणाल्या, "घरचे म्हणले म्हून मी जित्त्या माणसाले काळं लावलं, मुन्शीभाऊ. आता कोणाचं आयकत नाई. ज्यानं डोयानं पाह्यलं, त्यानं सांगाचं."

या निश्चयाची परीक्षा लवकरच झाली. बाईंचे दीर वर्ध्याला नोकरीस होते. घर दोघा भावांच्या नावे होते; दिरांना ते विकून वर्ध्यात बस्तान बसवायचे होते. सात वर्षे ज्याची खबर नाही, तो कायद्याच्या दृष्टीने मयत धरता येतो, हे ज्ञान त्यांना माझ्याकडूनच प्राप्त झाले. मी उत्तम मसुदा तयार केला. त्यातील 'सदरहू इसम हयात असल्याचे ऐकिवात नाही' हे वाक्य आजही मला पाठ आहे. परंतु त्यावर बाईंची सही हवी होती, आणि दिरांना वाटले, की आधी फोटोला काळी पट्टी लागली, घरात हार चढला, की सही आपोआप येईल. म्हणून त्यांनी भावाचा फोटो मोठा करून आणला आणि मला साक्षीला घेऊन, गिऱ्हाइकासारखे ओसरीवर बसले.

"वयनी, हा लावून दे. काळ्या पट्टीत."

बाईंनी फोटो घेतला. उंबऱ्याजवळ गेल्या. तो उजेडात तिरपा धरला. चष्मा कपाळावर सरकवला. नवऱ्याचा चेहरा इतका मोठा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नसावा. पाहायला त्यांना बराच वेळ लागला.

"जित्ता हाय का नाई?"

दीर म्हणाले, "तुले माहीत नाई का?"

"मले नाई माहीत. गिऱ्हाईक तुमी हाय. तुमी सांगा. नाई म्हणा, आताच्या आता लावून देतो. काळी पट्टी अथीच हाय."

दिरांनी तोंड उघडले. परंतु तो फोटो बाईंच्या हातात होता आणि त्यातला भाऊ सरळ त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. शब्दांचा व्यापारी मी. माझ्याकडे 'मयत' हा शब्द नेहमी तयार असतो. मी घसा साफ करून म्हणालो, "बाई, कायद्यानुसार पाहता…"

"कायद्याच्या घरी फोटो लावाचा हाय का, मुन्शीभाऊ?"

मी पाहणे थांबवले.  दीर उठले, चपला घातल्या आणि वर्ध्याची बस पकडायला गेले. फोटो तिथेच राहिला. माझा उत्तम मसुदाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या फोटोला चौकट केली. सागवानाची, परंतु कच्च्या सागवानाची. ना पॉलिश, ना काळा रंग. रंधा मारलेले उघडे लाकूड, जसे सुतारापुढे येते तसे. हे त्यांच्याच कायद्याचे उल्लंघन होते, कारण 'कच्चं लाकूड म्हंजे उदईले जेवाले बलावनं' असे त्या प्रत्येक गिऱ्हाइकास ऐकवत. मी ते निदर्शनास आणून दिले.

"थे आले, का पॉलिश मारीन," त्या म्हणाल्या. "खबर आली, का काळं लावीन. लाकूड दोन्हीले चालते."

पावसाळा संपला, की त्या चौकटीची एखादी पट्टी उदईने, म्हणजे वाळवीने, खाल्लेली वा फुगलेली असे. बाई ती काढून नवी बसवत. हा त्यांचा सण होता म्हणा. पुढे बाजारात प्लास्टिकच्या सोनेरी तयार फ्रेमा आल्या. दुकानदार फक्त माप विचारी, आणि आमच्या गावातले जिवंत, मेलेले व देव सगळे एकाच पट्टीत बसू लागले. बाईंचे काम घटले. मला दुपारच्या झोपेसाठी शांतता मिळू लागली आणि झोपच लागेनाशी झाली, हे वैद्यकीय कोडे मी कोणास सांगितले नाही.

एका हिवाळ्यात बाईंना ताप आला आणि त्या गेल्या. त्याबद्दल शंका नव्हती. आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

बायका शेवटच्या तयारीसाठी आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. माझी पत्नी दाराशी उभी राहून म्हणाली, "अवो, हिरवं लुगडं नेसवाचं का पांढरं? कुंकू लावाचं का नाई?" बाहेर पुरुष तिरडी बांधत होते. जो मोहल्ला संन्यास, संसार व वाघ यांबाबत इतका ठाम होता, त्याच्याकडे आज एकही तर्क शिल्लक नव्हता. काहींनी माझ्याकडे पाहिले.

दीर वर्ध्याहून आले होते. ते ओसरीत, त्या कच्च्या चौकटीसमोर उभे होते. माझ्या पत्नीने त्यांना पुन्हा विचारले.

"भाऊ जित्ता हाय माहा," ते म्हणाले. "लावा कुंकू. हिरवं लुगडं नेसवा."

चार माणसांसमोर केलेले हे विधान त्यांच्या हिताच्या पूर्ण विरुद्ध होते. त्यानंतर घर विकण्याचा अर्ज कोणत्या तोंडाने करणार? शेजारी कायद्याचा जाणकार उभा असूनही त्यांनी माझा सल्ला घेतला नाही, आणि मीही तो दिला नाही. बाई कपाळभर कुंकू लावून गेल्या.

घर विकले गेले नाही. त्याला कुलूप आहे आणि दिरांनी दिलेली किल्ली माझ्याकडे आहे. पावसाळा उलटला, की मी कुलूप उघडतो, चौकट उतरवतो, उदई पाहतो आणि सुताराला बोलावून खराब पट्टी बदलून घेतो. सुतार दर वेळी पॉलिशच्या डब्याकडे हात नेतो आणि विचारतो, "मुन्शीभाऊ, एकदाचं पॉलिश मारून देऊ का?"

मी आयुष्यभर शुद्ध बोललो आहे. त्याला मात्र सांगतो, "काऊन, घाई हाय का तुले?"