खाडीखालची गाडी आणि व्हर्लनचा फ्रीवे

ओझेल प्रुइट जन्मभर रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात स्वयंपाकी होता. त्यामुळे रुळांवरून न चालणारी कुठलीही गोष्ट त्याच्या मते अर्धवटच. धाकटा भाऊ व्हर्लन ट्रक चालवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत दोघं टेक्सासातून कामधंद्यासाठी निघाले. थोरला ओकलंडला उतरला, धाकटा लॉस एंजेलिसला, आणि तिथून जी जुंपली ती जुंपलीच. दर रविवारी चर्चहून आलं की फोन. कसा आहेस, जेवलास का, असलं काही नाही, थेट गावावर घसरायचे.

"आमच्या फ्रीवेवर मोटार घातली की समुद्रापर्यंत एक सिग्नल लागत नाही," व्हर्लन म्हणायचा. "तुमची ती भुयारी रेल्वे आली का, की अजून खड्डाच खणताय?"

"खणू देत. खाडीच्या तळातून जाणार आहे ती. तू बस तुझ्या मोटारींच्या रांगेत."

आता गंमत अशी, आणि हसण्यासारखी ती मुळीच नाही, की ओझेलचं घर त्या गाडीच्या वाटेत आलं म्हणून पाडलं, आणि व्हर्लनचं फ्रीवेखाली गेलं. वस्त्या काळ्यांच्या, नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा हात कशाला अडखळतोय? दोघांनी दुसरीकडे बिऱ्हाडं केली आणि त्यावरूनही भांडले. व्हर्लनचं म्हणणं, माझ्या घरावरून निदान रस्ता तरी सुरू झाला, तुझं पाडून इतकी वर्षं झाली तरी गाडीचा पत्ता नाही. काय म्हणावं या माणसांना! ज्यानं घरातून उठवलं त्याचीच बढाई.

शेवटी एकदाची खाडीखालून गाडी धावली. ओझेल पहिल्याच आठवड्यात बसून आला आणि रविवारी त्यानं व्हर्लनला तोंड म्हणून उघडू दिलं नाही. पुढचा रविवार यायच्या आत फोन आला, तो यूलाचा. व्हर्लनच्या बायकोचा. व्हर्लन गेला होता.

ओझेल मिळेल त्या बसनं निघाला. त्याला एकच गोष्ट करायची होती. आईला पुरलं तेव्हा पेटी खाली गेल्यावर पहिली मूठ माती त्यानं टाकली होती. व्हर्लनलाही ती थोरल्याच्याच हातून मिळायला हवी. भाषण नको, फुलं नकोत, तेवढी मूठ. तसं त्यानं पोचल्या पोचल्या यूलाला सांगितलं, आणि तिनं होकारार्थी मान हलवली.

चर्चमधून शववाहिका निघाली. घरच्यांची मोटार भरलेली, म्हणून ओझेल डीकन टॉलिव्हर यांच्या गाडीत बसला. व्हर्लनच्या चर्चमधले जुने सेवेकरी, भले गृहस्थ. रिवाजाप्रमाणे भर दुपारी सगळ्यांनी हेडलाइट लावले, म्हणजे अंत्ययात्रा ओळखू येते आणि मध्ये कोणी घुसत नाही. सगळे फ्रीवेला लागले आणि ओझेलची जीभ वळवळली. तुमच्या गावात मेल्या माणसालासुद्धा शर्यतीत पळवतात, असं तो बोलून गेला. डीकन पक्के लॉस एंजेलिसवाले. त्यांना ते झोंबलं. तुमच्या त्या भुयारातल्या गाडीत पेटी आडवी ठेवू देतात का, की तिकीट काढून उभी करावी लागते, असं त्यांनी विचारलं. झालं! दोघांची अशी लागली की दफनभूमीकडे वळायचा फाटा कधी मागे पडला ते कळलंच नाही. पुढे दिवे लावलेली रांग दिसत होती, काळी शववाहिका दिसत होती. डीकन निर्धास्तपणे तिच्या मागे गेले.

दफनभूमीत उतरून ओझेल लोकांमधून वाट काढत खड्ड्यापाशी पोचला. काळ्या ओढणीतल्या एका म्हातारीनं सरकून त्याला जागा दिली, त्याचा हातही धरला. पाद्री स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणत होता. तेव्हा कुठे ओझेलनं मान वर करून पाहिलं. ओळखीचा एकही चेहरा नव्हता. अंत्ययात्राच दुसऱ्या कुणाची होती.

फ्रीवेवर मनात आलं म्हणून माघारी फिरता येत नाही, आणि त्या वेळी तो तुंबलेला. डीकन पुन्हा पुन्हा माफी मागत होते.

पोचले तेव्हा खड्डा बुजवून वर फुलं ठेवलेली होती. यूला तेवढी घडीच्या खुर्चीवर बसलेली.

"थांबलो होतो रे," ती म्हणाली. "पण पुढच्या अंत्ययात्रेची माणसं ताटकळली होती."

ओझेलला रडू कोसळलं. रडता रडता तो त्या रस्त्याला, त्या भिकार गावाला शिव्या घालू लागला. यूलाला राहवेना.

"पुरे आता, ओझेल. उन्हाळ्याच्या आधीपासून त्याच्या पोटात गाठ होती. तुला सांगितलं त्यानं?"

"नाही."

"दर रविवारी म्हणायचा, आज सांगतो. मी शेजारी उभी असायचे. मग तू तुझ्या गाडीचं काढायचास. फोन ठेवला की म्हणायचा, जाऊ दे, आज तो खुशीत आहे."

ओझेलनं चाचरत विचारलं, शेवटच्या रविवारी काय म्हणाला?

"म्हणाला, गाडी झकास निघाली गं ओकलंडची. पण त्याला सांगू नकोस."

ओझेल मातीकडे बघत उभा राहिला.