नकाशात नसलेली विहीर

आमच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या पात्रातच आहे. उन्हाळ्यात नदी कोरडी दिसते, पण वाळू-गोट्यांच्या थराखालून पाणी झिरपत राहतं आणि गाळलं जाऊन विहिरीत उतरतं. त्याच पाण्यात डाळ शिजते. बोअरच्या पाण्यात कितीही उकळली तरी दाणा कच्चाच. मी मावशीकडे नंदुरबारला राहून इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे हे सगळं मला उशिरा कळलं. गावात बोलायला मी अजूनही बिचकते. अहिराणी समजते, पण तोंडातून पुस्तकी मराठी येते आणि बायका हसतात.

म्हणून काकांनी ती फाइल माझ्याकडे आणली तेव्हा मला फार बरं वाटलं. काका गावचे सरपंच. नदीतले गोटे उपसून खडी करायला कुणीतरी परवानगी मागितली होती आणि सगळा आराखडा इंग्रजीत होता.

“बेटा, वाच नि माले सांग. आपली विहीर यामा कोठे दखाडेल शे?”

मी दोन दिवस वाचलं. नकाशावर नदी होती, रस्ता होता, स्मशानभूमीसुद्धा होती. विहीर नव्हती. मी पेन्सिलने तिच्या जागी गोल काढला आणि ठरावात घालायची अट वेगळ्या कागदावर लिहून दिली: विहिरीच्या जवळ आणि वरच्या अंगाला उपसा करू नये.

“नक्की नही शे?” काकांनी दोनदा विचारलं.

“नाही.”

“तुन्हं शिक्षण आज कामले उनं.”

मग बायकांची ग्रामसभा झाली. आमच्याकडे रजिस्टरवर सह्या आधी होतात, ठराव मागाहून लिहिला जातो. त्या दिवशी शेजारच्या आजी अडल्या. “वर तं कोरं शे. काय लिखशात?”

“मन्ही पुतनीनीच लिखेल शे,” काका दारातून म्हणाले. “तिलेच ईचारा.”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. त्या कागदाची माझी प्रत पर्समध्ये होती. काढून वाचायची, एवढंच करायचं होतं. पण हसतील या भीतीने मी नुसती मान हलवली आणि पहिली सही केली.

“चला बाई, शिकेल पोरनी करी, मंग काय!” कुणीतरी म्हणालं, आणि माझ्यामागे रांग लागली.

मशीन आलं ते थेट विहिरीच्या वरच्या अंगाला. मी ठरावाची नक्कल मागून घेतली. ‘आराखडा पाहता सदर क्षेत्रात पिण्याच्या पाण्याचा कोणताही स्रोत नाही.’ खाली पहिलं नाव माझं. माझी अट कुठेच नव्हती. काकांना माझ्याकडून नेमकं काय हवं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मी नक्कल घेऊन काकांकडे गेले तेव्हा ते चहा पीत होते. रागावले नाहीत. “नकाशामा विहीर नही, हाई तूच सांगं ना?” म्हणाले, आणि माझ्यासाठी बशीत चहा ओतला. “घरनं घरमा ऱ्हाऊ दे.”

तो चहा मी प्यायले. ते मला अजून खुपतं.

आता हंड्याच्या तळाशी गाळ बसतो. मी हरकतीचा अर्ज लिहिला आणि सगळ्यांत आधी आजींच्या ओट्यावर गेले. तिथे चार-पाच जणी शेंगा सोलत होत्या. मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. आजींनी हात पदराखाली घेतला.

“पहिले वाच.”

मी उभ्या उभ्या वाचलं, माझ्या पुस्तकी मराठीत. एक जण हसली. मी थांबले नाही. विहिरीचं वाक्य आजींनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “कागद आठे ठेव. मन्ही सून येवो वावरमाईन. ती वाची, मंग देखसूत.”

मी कागद ओट्यावर ठेवला, उडू नये म्हणून वर एक गोटा ठेवला, आणि त्यांची सून येईपर्यंत शेंगा सोलत बसले.